तीस वर्षांनी येणारे बिल

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नव्हे, तर तंतुमय रचनेच्या सहा सिलिकेट खनिजांचे मिळून व्यापारी नाव आहे. न जळणारा, न कुजणारा आणि तरीही कापसासारखा पिंजून सूत काढता येईल असा हा दगड विसाव्या शतकातल्या उद्योगांना वरदान वाटला, आणि छपराचे सिमेंटचे पत्रे, पाण्याचे पाइप, गाड्यांचे ब्रेक-लायनिंग, बॉयलरभोवतीचे वेष्टन अशा शेकडो वस्तूंत तो मिसळला गेला. कारखान्यात उपयोगी पडलेला त्याचा चिवटपणा छातीत मात्र घातक ठरतो. श्वासाबरोबर खोल गेलेल्या तंतूचा निचरा शरीराला नीट करता येत नाही, त्याला गिळू पाहणाऱ्या पेशीच मरून पडतात आणि त्या जागी वर्षानुवर्षे दाह धुमसत राहतो. त्या दाहाने फुफ्फुसात व्रण साचून ते कडक होते, तेव्हा त्या आजाराला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुफ्फुसावरणाचा, क्वचित पोटाच्या अस्तराचा जो कर्करोग प्रामुख्याने याच तंतूंमुळे होतो, तो मेसोथेलिओमा.

या आजारांच्या खर्चाचा हिशेब मांडताना औषधांच्या दराआधी पाहायला हवा तो काळ. धुळीशी पहिला संबंध आणि मेसोथेलिओमाचे निदान यांच्यात साधारणपणे वीस ते पन्नास वर्षे जातात. तेवढ्या अवधीत कारखाना बंद पडतो किंवा विकला जातो, त्याच्या जमिनीवर इमारती उभ्या राहतात, हजेरीपट रद्दीत जातात आणि कामगार आपल्या गावी परतलेला असतो. मुंबईच्या मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात ज्यांनी पत्रे आणि ब्रेक-लायनिंग घडवले, त्यांची धाप त्यांच्या उतारवयात, कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या घराची पायरी चढताना पहिल्यांदा लागू शकते. कर्ज फिटण्याची वेळ येते तेव्हा ऋणको जागेवर नसतो, आणि बिल त्याच्या हाती पडते जो त्या क्षणी रुग्णाच्या उशाशी बसलेला असतो.

बिल नेमके कोणाचे, हा वाद या आजाराच्या नावाइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ १९२२ मध्ये काम करण्याच्या पलीकडे गेली. आजार कामामुळे झाला आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिल्यामुळे राष्ट्रीय आरोग्य विम्याने तिला हात दिला नाही, आणि तो आजार व्यावसायिक आजारांच्या सरकारी यादीत नाही म्हणून कारखान्याने भरपाई नाकारली. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण इतक्या क्रूरपणे क्वचितच खरी ठरली असेल. १९२४ मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी ती वारली. तिच्या फुफ्फुसांच्या तपासणीवर डॉ. विल्यम कुक यांनी लिहिलेल्या लेखाने वैद्यकाला या रोगाची दखल घ्यायला लावली, १९३१ मध्ये ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगासाठी नियम केले, आणि तिला स्वतःला मिळाली ती रॉचडेलमधली एक बिननावाची कबर.

मेसोथेलिओमाचा खर्च बहुधा पाण्यापासून सुरू होतो. धाप लागते, एक्स-रेमध्ये छातीत पाणी दिसते, फासळ्यांमधून सुई घालून ते काढले जाते आणि काही दिवस बरे वाटून पुन्हा भरते. भारतात छातीत पाणी म्हटले की डॉक्टरांना पहिला संशय क्षयाचा येतो, आणि क्षय इथे इतका सर्रास आहे की तो संशय गैर नव्हे. क्षयाची सरकारी औषधे मोफत मिळतात. पण ती घेण्यात गेलेले महिने, बुडालेली मजुरी आणि तालुक्याच्या गावी घातलेल्या खेपा मोफत नसतात. त्यानंतर सीटी स्कॅन, फुफ्फुसावरणाचा तुकडा काढणे आणि त्या तुकड्यातल्या पेशी नेमक्या कोणत्या जातीच्या हे प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून ठरवणे, अशा तपासण्यांची रांग लागते. उपचारात ज्या पेमेट्रेक्सेड नावाच्या औषधाचा आधार घेतला जातो, त्याच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, नुसत्या सिस्प्लॅटिनऐवजी दोन्ही औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेले. जवळजवळ तीन महिने. ते थोडे आहेत असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, परंतु त्यांच्यासाठी गुंठा-दोन गुंठे विकावे की नाही, हा प्रश्न घराच्या ओसरीवर ठरवावा लागतो.

अ‍ॅस्बेस्टॉसिसचा खर्च याउलट संथ असतो. व्रण पुसणारे औषध नाही. म्हणून खर्च होतो तो जंतुसंसर्ग आवरण्यावर आणि श्वास टिकवण्यावर. हवेतला नायट्रोजन वेगळा करून ऑक्सिजन पुरवणारे विजेवरचे यंत्र पलंगाशेजारी दिवसरात्र घुमत राहते, नळीची लांबी हीच रुग्णाच्या घरातल्या वावराची हद्द होते, वीज गेली की सगळ्यांची नजर सिलिंडरच्या काट्याकडे वळते, आणि महिनाअखेरीस आलेले विजेचे बिल वैद्यकीय खर्च म्हणून कुठेही नोंदले जात नाही. देखभालीसाठी जिने कामावर जाणे सोडले, तिची मजुरी तर खर्चाच्या यादीत कधी येतच नाही.

भारतीय कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. अहमदाबादच्या कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, बाधित ठरणाऱ्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवली आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. या निकालातली भरपाईची रक्कम त्या काळी मोठी वाटली असेल, पण त्याचे खरे मोल त्या ४० वर्षांत आहे, कारण रोगाची चाल ओळखून काळाची मर्यादा घातलेली अशी तरतूद विरळाच. मात्र नोंद जपायची तर ती मुळात व्हायला हवी. ठेकेदाराने आणलेला, पगारचिठ्ठी न मिळालेला, कामगार राज्य विमा योजनेत नाव नसलेला मजूर कोणत्या वहीत सापडणार? योजनेत राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. इतरांचा भार महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत उचलतात. त्या आहेत म्हणून कित्येक घरे तगली, हे निर्विवाद आहे. तरीही तो पैसा सरकारी तिजोरीतून जातो आणि ज्या पत्र्याच्या विक्रीतून नफा झाला त्याच्या किमतीत यातला रुपयाही धरलेला नसतो. पत्रा स्वस्त पडतो त्याचे हेही एक कारण आहे. देशातल्या खाणींना नवे पट्टे देणे १९८६ मध्ये थांबले, आयात केलेल्या तंतूचे पत्रे मात्र बनतच राहिले.

सगळ्यांत बेवारस खर्च आहे तो कामगाराच्या बायकोचा. कामावरून आलेले पांढुरके कपडे दाराशी झटकून मग बादलीत भिजवणे हे तिचे रोजचे काम, आणि मेसोथेलिओमा होण्यासाठी अशी घरपोच आलेली धूळही पुरते, हे वैद्यकाला १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. भरपाईचे कायदे कामगाराला ओळखतात, त्याचे कपडे धुणारीला नाही. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिताना डॉक्टरांना सांगितले होते की रुग्णाला त्याचा धंदा विचारावा. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता आणि तक्रार यांच्याखाली पूर्वीचे काम लिहिण्यासाठी एक ओळ, आणि घरातल्या माणसांच्या कामासाठी दुसरी ओळ छापायला शाईखेरीज काही लागत नाही. धापेची तक्रार घेऊन आलेल्या साठीच्या बाईला तिथे कोणी विचारले, की तुमचे मालक कुठल्या कारखान्यात होते आणि त्यांचे कपडे कोण धूत असे, तर तिच्या आजाराला निदान त्याचे खरे नाव मिळेल.