अमरगोळचे पाणी आणि पांढरा चहा

हुबळीहून धारवाडला जाताना वाटेत अमरगोळ लागते. १९६२ साली ही दोन्ही शहरे एका महापालिकेत आली, पण अमरगोळचा स्वभाव काही पुरता शहरी झाला नाही. एकीकडे बनशंकरीचे आणि शंकरलिंगाचे जुने दगडी देऊळ, एक लहानसे रेल्वे स्टेशन, आणि दुसरीकडे कृषी बाजार समितीचे मोठे आवार. मिरचीच्या हंगामात आवारातून चालताना पदर नाकाला लावावाच लागतो. कापूस, मिरची, कांदा, शेंगा असा माल उतरतो, हमाल थकतात, सौदे होतात, आणि या सगळ्याला जोडणारी एकच गोष्ट म्हणजे चहा. उकळून उकळून दाट झालेला, आले ठेचून घातलेला, गोड मिट्ट! इथे सौदा मराठीत सुरू होवो की कन्नडमध्ये, तो संपतो चहावरच.

अशा गावात मी आज पांढऱ्या चहाविषयी लिहिते आहे, म्हणून वाचकांनी हसू नये. त्याला कारण आहे आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे. त्यांचे आयुष्य अडत दुकानात हिशेब लिहिण्यात गेले. दिवसाला सहा-सात कप चहा सहज होई. साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी साखर बंद केली. बिनसाखरेचा दुधाचा चहा त्यांना एक घोटही जाईना. त्यांनी चहाच सोडला. पण चहाबरोबर संध्याकाळी कट्ट्यावर बसणेही सुटले, कारण तिथे गेले की कोणीतरी कप पुढे करणार आणि यांना ‘नको’ म्हणावे लागणार. घरातला बोलका माणूस हळूहळू गप्प होत गेला, याची आम्हा सगळ्यांना काळजी वाटू लागली.

त्याच सुमारास नात्यातल्या एका मुलीने कुन्नूरहून पांढऱ्या चहाचा छोटा डबा आणला. आमच्या अव्वांनी कपात डोकावून पाहिले आणि निकाल दिला, “इदेन चहा? बरे बिसिनीर!”

दिसतो तो खरोखरच गरम पाण्यासारखा. पण झाड मात्र आपल्या चहाचेच. फरक आहे पुढच्या कामात. आपल्या रोजच्या चहाची पाने यंत्राच्या दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळून दाणेदार करतात. १९३० च्या दशकात आसामात ही पद्धत निघाली. म्हणून तो चटकन रंग सोडतो. पांढऱ्या चहासाठी न उमललेले कोंब, फार तर त्यांच्याजवळची कोवळी पाने खुडतात. ती पसरून सावकाश सुकवतात आणि मंद उष्णतेवर वाळवतात. चिरडणे नाही, वळणे नाही. कोंबावरची रुपेरी लव तशीच राहते आणि तिच्यावरूनच नाव पडले. याचे मूळ घर चीनचा फुजियान प्रांत. आपल्याकडे दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीतले काही मळे तो करतात. चीनच्या पारंपरिक चहा बनवण्याच्या कलेला २०२२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, त्यात पांढरा चहाही आहे.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. पहिली गोष्ट पाण्याची. आपल्याकडे कन्नडमध्ये ‘सिहि नीर’ आणि ‘सवळ नीर’ म्हणतात, मराठीत गोडे पाणी आणि मचूळ पाणी. नळाला मलप्रभेचे पाणी येते तेव्हा ते आपण भरून ठेवतो; एरवी बोअर आहेच. बोअरचे जड पाणी उकळले की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. दूध, साखर, आले असले की त्याची चव झाकली जाते. पांढऱ्या चहात झाकायला काहीच नसते! जड पाण्यात तो काळपट आणि मलूल होतो. तेव्हा या चहाला नळाचेच पाणी घ्यावे.

पाणी आधी नीट उकळावे, ते पिण्याचे आहे. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. या चहाला त्याहूनही कमी, साधारण ८० अंश पुरतात. थर्मामीटर नको. गॅस बंद करून झाकण काढावे आणि पाच मिनिटे थांबावे. एका कपाला दोन ग्रॅम चहा पुरतो. पाने हलकी, फुगीर असतात, म्हणून चमचे दोन भरतात. पाणी पानांवर ओतून झाकण ठेवावे, चार-पाच मिनिटांनी गाळावे. पाने टाकू नयेत. त्यांच्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाणी ओतता येते, दर वेळी थोडा अधिक वेळ द्यायचा. डबा महाग असतो खरा, पण एका चिमटीत तीन कप होतात हेही धरावे. आणि डबा घट्ट झाकणाचा हवा, मसाल्यांपासून दूर. चहा वास पटकन ओढतो, आणि आपल्या घरात मिरचीपूड कुठे नसते?

दूध-साखर यात घालायची नसते. चव किंचित गोडसर, वाळल्या गवतासारखी, कधी फुलासारखी. दोन दिवस काहीच लागत नाही, मग जीभ शिकते.

एक मात्र स्पष्ट सांगते, हे औषध नाही. त्याने साखर उतरते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, गोळ्या चुकवू नका. यातही कॅफिन असते, कोवळ्या कोंबांत तर बरेच, म्हणून रात्री नको. आणि कुठलाही चहा जेवणाबरोबर घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवणानंतर तासभर तरी थांबावे.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग इतकाच की अप्पा आता संध्याकाळी लहान थर्मास घेऊन कट्ट्यावर जातात. मित्र आपला दाट चहा पितात, अप्पा आपला. “बिसिनीर आलं!” म्हणून त्यांची थट्टा होते, दोन्ही भाषांत. कांद्याच्या भावावर वाद होतात. परवा तर एका मित्राने, त्यालाही साखर निघाली आहे, थर्मासमधला अर्धा कप मागून घेतला आणि तोंड वाकडे न करता संपवला. ज्यांच्या घरी असे कोणी चहाबरोबर माणसांतूनही उठून गेले असेल, त्यांनी त्यांच्यासाठी एवढी पाच मिनिटे थांबून पाहावे.