काकवीची रेघ

यवतला आमच्या घरात माझ्याआधी रंगाची पेटी कुणी उघडली नव्हती, पण रंग ओळखणारा माणूस घरात होता. नाना, माझे थोरले चुलते. गुळव्या म्हणून त्यांचं नाव खुटबाव-केडगावपर्यंत घेतलं जायचं. काहिलीतला रस कोणत्या क्षणी कसा दिसतो, यावर त्यांचं सगळं काम चालायचं. चरकातून आलेला रस हिरवट राखाडी असतो. चुन्याची निवळी पडून जाळ लागला की वर काळी मळी येते. ती काढली की खालचा रस मळकट पिवळा दिसतो. मग रानभेंडीचं चिकट पाणी घालायचं, पुन्हा मळी काढायची, ती आता पांढुरकी येते. पिवळा स्वच्छ होतो, केशरीकडे झुकतो, तांबूस होतो, आणि त्यापुढे थोडं जरी थांबलं तरी अख्खं आदण काळं पडतं. काहील उतरवायच्या वेळचं तापमान पुस्तकात 116 ते 118 अंश सेल्सिअस दिलेलं असतं. नानांकडे थर्मामीटर नव्हता. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी वळायचा, झालेली गोळी ताटलीवर आपटून आवाज ऐकायचा आणि जाळ घालणाऱ्याला हात वर करून थांबवायचं. हे सगळं ते डाव्या हाताने करायचे. नाना डावखुरे होते.

पुण्यात चित्रकलेच्या पदविकेला मी शिकत होते तेव्हा सकाळच्या पॅसेंजरने जायचे. उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड आडवा धरून बसले की दूधवाले त्यावर हिशेबाची वही ठेवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन आलेल्या आम्हा मुलांची समजूत अशी होती की चित्र म्हणजे कार्ट्रिज कागद, पोस्टर कलर आणि सात नंबरचा ब्रश. ती समजूत आमच्या एका सरांनी पहिल्याच सत्रात मोडली. त्यांनी जर्मनीतल्या बाउहाउसची गोष्ट सांगितली. 1919 ते 1933 अशी जेमतेम चौदा वर्षं चाललेली ती शाळा. तिथे योझेफ आल्बर्स पहिल्या तासाला वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले आणि मुलांना म्हणाले, यातून काहीतरी करा, पण कागद वाया घालवू नका. पोरांनी किल्ले केले, होड्या केल्या, मुखवटे केले. एकाने नुसती मधोमध घडी घालून कागद टेबलावर उभा केला. आल्बर्सना तेच काम पटलं, कारण त्या मुलाने कागदाकडून असं काहीतरी करून घेतलं होतं जे फक्त कागदच करू शकतो. एवढं सांगून सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुकानातून काही आणायचं नाही, घरात रोज हाताळलं जातं ते घेऊन या.

कुणी चहापत्ती आणली, कुणी हळद-कुंकू, कुणी बसची तिकिटं. मी शनिवारी संध्याकाळी यवतला उतरले ती घरी न जाता थेट गुऱ्हाळावर गेले.

पहिल्यांदा चिपाडं जाळून कोळसा करायचा घाट घातला. चिपाडाचा कोळसा बोटात धरला की भुगा होई, कारण त्याच्या पोटात नुसता भुसा. नाना चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवे बसून बघत होते. उठले आणि गोठ्यामागून तुराट्या घेऊन आले. डालड्याच्या जुन्या डब्यात त्या दाटीने उभ्या भरल्या, झाकण ओल्या मातीने लिंपलं, खिळ्याने एक भोक पाडलं आणि डबा विस्तवाच्या कडेला सरकवला. भोकातून आधी पांढरा धूर आला, मग त्या धुराने पेट घेऊन बारीक ज्योत लागली, मग तीही विझली. मी डबा उघडायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"आगं थांब की. आत्ता हवा लागली तर समदी राख व्हईल. सकाळी उघड."

सकाळी डब्यात काळ्या, हलक्या, टणटण वाजणाऱ्या काड्या होत्या. दुकानातल्या चारकोलपेक्षा त्यांची रेघ जरा कडक उमटे, पण काळेपणात जराही उणी नसे. पुढची सगळी वर्षं मी त्याच काड्यांनी माणसं काढली: स्टेशनवरचे हमाल, भुलेश्वरच्या डोंगराची उन्हातली कड, मंदिरातल्या नाक-हात तुटलेल्या मूर्ती. तिथल्या भिंतीवर गणेशाचं स्त्रीरूप कोरलेलं आहे. त्याच्यासमोर मी दुपारभर बसायचे, आणि नाना पायऱ्यांवर झोप काढायचे.

मग शाई. धुराड्याच्या आतली काजळी खरवडून आणली, पण ती पाण्यात बुडेचना. तेलकट असल्यामुळे पृष्ठभागावर तरंगत राहिली. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्याच्या घट्ट पाण्यात काजळी थेंबाथेंबाने खलली, तेव्हा कुठे ती ताब्यात आली. कागदावर सुंदर उतरली, पण वाळल्यावर जाड रेघेला भेगा पडू लागल्या. नानांनी न विचारता त्यात बोटभर काकवी टाकली. भेगा थांबल्या. जलरंगात मध किंवा साखर त्याचसाठी घालतात, रंगाला थोडी ओल धरून ठेवता यावी म्हणून, हे मी पुढे वाचलं. नानांना ते वाचावं लागलं नव्हतं. काकवी किती दिवस ओली राहते हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मला कशाचंच भान नव्हतं. चिपाडं चुलीतल्या राखेच्या पाण्यात उकळून, कुटून, चाळणीवर पसरून कागद केला. तो पिवळट, खरखरीत झाला आणि वर्षभरात कडांनी तुटायला लागला. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांचा लगदा पाहून आले तेव्हा चिपाडाच्या कागदात काय कमी आहे ते समजलं. बारदानावर गेरू लावून पाहिला. नुसत्या काकवीने, पाण्याचा थेंब न घालता, मोठ्या कागदावर गुऱ्हाळाचं अख्खं चित्र काढलं. चार-पाच फुटांच्या त्या कागदावर तपकिरी, पारदर्शक, उजेडात चमकणाऱ्या रेघा होत्या. माझ्या हातून तोवर झालेलं ते सर्वांत मोकळं चित्र होतं. ते घराच्या भिंतीवर टाचलं आणि रात्रीत त्याला मुंग्या लागल्या. जाड रेघा त्यांनी आधी संपवल्या, बारीक रेघांचे नुसते डाग ठेवले. मी रडवेली झाले होते. नानांनी जवळ जाऊन मुंग्यांची रांग निरखली.

"हायड्रॉस घालत न्हाय म्हणून लागल्या बघ," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं.

बाजारात तेव्हा पिवळ्याधमक ढेपेला भाव मिळायचा आणि तो पिवळा रंग आणायला कितीतरी ठिकाणी ही पावडर काहिलीत पडायची. नाना घालत नसत. त्यांचा गूळ तांबडा-तपकिरी निघे आणि मार्केट यार्डात दर पडून येई. घरात यावरून भांडणं झालेली मी ऐकलीत. "रंग आणायचा नसतो, आला पायजे," एवढंच ते म्हणायचे. रंगसंगतीवरची इतकी व्याख्यानं ऐकली, पण कुंचला उचलताना मला आजही हेच वाक्य आठवतं.

वाचनालयात त्याच सुमारास जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांचे फोटो पाहिले. तांदळाचं पीठ, शेण, गेरू. सवाशिणींनी भिंतीवर काढलेला लग्नाचा चौक लग्न झालं की पुसट होत जायचा, पुढचं सारवण त्याच्यावर पडायचं, आणि त्यात कुणाला काही गमावल्यासारखं वाटत नसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूकडच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले, त्यानंतर ती चित्रं टिकू लागली, जगभर गेली. दोन्ही गोष्टी मला हव्याशा वाटत होत्या: मुंग्यांना आवडेल अशी रेघ, आणि तरीही माझ्याकडे उरेल अशी.

1995 च्या डिसेंबरात प्रभाकर बर्वे गेले. आम्ही काही जण 'कोरा कॅनव्हास' हातोहात फिरवून वाचत होतो. घड्याळ, पान, टाचणी अशा साध्या वस्तूंना बर्व्यांनी जी जागा दिली, आणि दारं-खिडक्यांना लावायच्या एनॅमल रंगातून जी शांतता काढली, तिने मी भारावले होते. ते गेल्याचं कळलं त्या शनिवारी यवतला जाऊन मी नानांना सांगितलं की एक मोठा चित्रकार गेला. त्यांनी विचारलं, "त्याच्या हाताखाली कोण हुतं?" त्यांच्या दृष्टीने माणूस गेल्यावर विचारायचा पहिला प्रश्न तोच होता.

त्याच वर्षी मुद्राचित्रणाच्या तासाला शुगर लिफ्ट शिकवलं. साखरेच्या पाकात शाई कालवून जस्ताच्या पत्र्यावर चित्र काढायचं. ते सुकत आलं की वरून ब्लॅक जपानचा पातळ थर द्यायचा आणि पत्रा कोमट पाण्यात ठेवायचा. साखर फुगते, विरघळते, आणि जाताना आपल्यावरचं वॉर्निश उचलून नेते. जिथे चित्र होतं तेवढाच पत्रा उघडा पडतो. त्यावर राळेची पूड भुरभुरून तापवायची आणि पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. ॲसिड खातं ते बरोबर त्या गेलेल्या रेघा. पिकासोने बुफाँच्या पुस्तकासाठी, 1942 साली छापलेल्या, प्राणी-पक्षी याच रीतीने काढले. वर्गात सगळ्यांची अडचण एकच होती. पांढऱ्या साखरेचा पाक ब्रशवर असतानाच दाणा धरायचा, रेघ खडबडायची.

मला बाटली कुठून आणायची ते माहीत होतं. काकवी लवकर दाणा धरत नाही, तिच्यातली बरीचशी साखर उसाच्या साखरेसारखी राहिलेली नसते. फेब्रुवारीत मी जस्ताचा पत्रा, शाई आणि दोन ब्रश घेऊन गुऱ्हाळावर गेले आणि काहिलीशी उभ्या असलेल्या नानांना समोर बघत थेट पत्र्यावर काढलं. लांब दांड्याची झारी डाव्या हातात, उजवा हात कमरेवर, अंगातली बंडी वाफेने पाठीला चिकटलेली, डोळे बारीक करून फेसाकडे लावलेले. चेहऱ्यावर मी वेळ घालवला नाही. मनगट मात्र पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण सगळा माणूस तिथे होता. हेच मनगट आषाढवारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी आली की काळभैरवनाथाच्या देवळापाशी पिठल्याच्या मोठ्या भांड्यात फिरायचं, आणि गुठळी होत नसे.

आदण ओतून झाल्यावर ते पत्रा बघायला आले.

"ह्ये तर पुसून जाईल."

"जायलाच पाहिजे नाना. ते गेलं की खालून चित्र येतं." मी सगळी रीत सांगितली.

त्यांनी ती नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "मंग जाळ मंद ठेव. कोमट म्हणलीस न्हवं? पानी लई तापलं तर समदंच उठंल."

तसंच झालं असतं. दुसऱ्या एका मुलीचा पत्रा गरम पाण्यात वॉर्निशसकट मोकळा झाला होता. मी बोट बुडवून पाणी पाहिलं, आणि माझी रेघ काठाला कुठेही न फाटता उघडी झाली.

छाप काढायला मला उन्हाळा लागला, कारण कॉलेजच्या प्रेसवर परीक्षेची कामं चालू होती. नानांना तो दाखवायचा राहिला नाही, म्हणजे त्यांनी पाहिला. पण दवाखान्यातल्या खाटेवर, चष्मा नसताना, आणि काय पाहिलं ते मला कळलं नाही. भाद्रपदात ते गेले. गुऱ्हाळ पेटायला अजून महिना-दीड महिना होता. त्या हंगामात चुलवाण पेटलं नाही. चुलत भावांनी ऊस पाटसच्या भीमा कारखान्याला घातला. त्यांचंही बरोबर होतं, गुळव्याशिवाय काहील म्हणजे नुसतं लोखंड. आज आमच्या भागातली कितीतरी गुऱ्हाळं उत्तरेकडून आलेले कारागीर चालवतात. त्यांच्यातल्या एकाला मी रानभेंडीचं प्रमाण विचारलं. त्याने रसाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, बघून. नानांनीही हेच सांगितलं असतं, आणि म्हणूनच ते गेल्यावर काय काय गेलं त्याची यादी करता येत नाही. माझ्या त्या वेळच्या वहीत शाईचं कृतिपत्र आहे, कोळशाचं आहे. काकवीपुढे फक्त 'बोटभर' लिहिलंय, आणि ते बोट नानांचं होतं.

चिपाडाचा कागद तुटला, बारदान कुजलं, मुंग्यांनी खाल्लेलं चित्र पावसाळ्यात बुरशीने संपलं. तुराट्यांच्या कोळशातली काही रेखाटनं आहेत, फिक्सेटिव्ह नव्हतं म्हणून अर्धी फिसकटलेली. जस्ताचा पत्रा तेवढा जसाच्या तसा राहिला.

वर्षश्राद्धाला मी एक चांगला छाप चौकटीत घालून काकूला दिला. तिने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"हात त्यांचाच हाय," ती म्हणाली, "पर हे त्यांच्यावानी न्हाय. उजव्या हातानं कधी मळी काढली का त्यांनी?"

छाप उलटा येतो. पत्र्यावरचा डावा हात कागदावर उजवा होतो. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि चित्र म्हणून त्याने काही बिघडतही नव्हतं. काकूचं बिघडत होतं. चाळीस वर्षं ज्या हाताने कालवलेलं ती जेवली, तो हात ती सोडायला तयार नव्हती. मी पिशवीतून मूळ पत्रा काढून दाखवला. त्यावर रेघा खोल गेलेल्या, शाईने काळवंडलेल्या, आणि त्यांत नाना डाव्या हातात झारी धरून उभे.

तिने चौकट मला परत दिली आणि पत्रा ठेवून घेतला. तो आता यवतला, देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात आहे. छाप काढायला म्हणून मी तो अधूनमधून मागते. ती जेवायला वाढते, गावातल्या गोष्टी सांगते, आणि पत्र्याचं पुढच्या वेळी बघू म्हणते.