पाकिटामागची पाच नावं

मुलांनो, तुमच्या शाळेत खो-खोचा संघ निवडताना भांडणं होतात की नाही? आमच्याकडे दरवर्षी होतात. दिवाळीची सुटी संपली की केंद्रस्तरावरच्या स्पर्धांचे वेध लागतात, आणि मग मधल्या सुटीत डबे उघडायच्या आधीच नावांची उजळणी सुरू होते. ‘हिचा खांबावरचा सूर बघा, ही नऊमध्ये हवीच!’ ‘ती मागच्या वर्षी पहिल्याच मिनिटाला बाद झाली होती, तिला कशाला?’ संघ बारा जणींचा आणि मैदानात उतरायच्या नऊ. म्हणजे तिघी बाहेर बसणार. सगळं भांडण त्या तीन जागांचं असतं.

मला वाटायचं, असली भांडणं शाळेच्या पटांगणातच होतात. पण २०१४ च्या दिवाळीत मी एक अख्खं शहर असं भांडताना पाहिलं. म्हातारेकोतारे, दुकानदार, डॉक्टर, सगळे. तीच गंमत आज तुम्हाला सांगणार आहे. गंमत म्हणते खरी, पण शेवटी ती माझ्याच अंगाशी आली.

त्याचं असं झालं. माझी ताई अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी राहते. तिच्या बाळंतपणाला आई गेली होती. आईला परत आणायला कोणीतरी हवं होतं. दाजींनी तिकीट पाठवलं आणि मी सुटी लागताच विमानात बसले. माझा तो पहिलाच विमानप्रवास, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. लेक्सिंग्टन म्हणजे घोड्यांचं गाव. गावाबाहेर मैलोन्‌मैल पांढरी कुंपणं आणि आत चरणारे तुकतुकीत घोडे. मला वाटलं, इथले लोक घोड्यांबद्दलच बोलत असतील. छे! ते बोलत होते बास्केटबॉलबद्दल.

पहिल्याच दिवशी शेजारचे आजोबा बाळाला बघायला आले. पंच्याहत्तरीचे, डोक्यावर निळी टोपी. बाळाच्या हातात खाऊचे पैसे वगैरे काही ठेवले नाहीत. खिशातून एक जुनं पाकीट काढलं आणि मागच्या बाजूला पाच नावं लिहून दाजींपुढे धरलं. ‘हे माझे पाच. तुमचे कोण?’ दाजींनी दोन नावं खोडून दुसरी लिहिली. झालं! चहा गार होईपर्यंत दोघं हमरीतुमरीवर. इंग्रजीचा तिथला हेल मला कळेना, म्हणून मी मध्ये मध्ये ‘काय म्हणतात ते?’ एवढंच विचारत होते.

आता हे पाच कोण, ते सांगते. लेक्सिंग्टनला केंटकी विद्यापीठ आहे. त्याचा बास्केटबॉल संघ म्हणजे त्या लोकांचा जीव की प्राण. तोपर्यंत या संघानं देशाचं विजेतेपद आठ वेळा जिंकलं होतं. सामने ज्या रप अरीनात होतात तिथे त्या वेळी तेवीस हजारांवर माणसं बसत. खेळाडू मात्र कोण? विद्यार्थी! अठरा-एकोणीस-वीस वर्षांची पोरं. कोणी पहिल्या वर्षाला, कोणी दुसऱ्या. सामने नोव्हेंबरात सुरू होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला अंतिम सामना होतो. त्याआधीचा ऑक्टोबर महिना लोक एकाच प्रश्नात घालवतात : सामना सुरू होताना मैदानात उतरणारे पहिले पाच कोण?

एरवी हा प्रश्न तीन-चार दिवसांत मिटत असेल. त्या वर्षी मिटेना, कारण चांगले खेळाडू पाच नव्हते, चांगले दहा होते. आधीच्या वसंतात, एप्रिल २०१४ मध्ये, हाच संघ अंतिम सामन्यात हरला होता. त्यातले बरेच जण थांबले. अँड्र्यू आणि ॲरन हॅरिसन हे जुळे भाऊ होते. सात फूट उंचीचा विली कॉली-स्टाइन होता. ॲलेक्स पॉयथ्रेस होता. त्यात नवे चौघे आले. कार्ल-अँथनी टाउन्स, ट्रे लाइल्स, डेव्हिन बुकर आणि टायलर युलिस. हा युलिस पाच फूट नऊ इंच. आपल्याकडे उंच म्हणतील त्याला, पण त्या ताडमाडांमध्ये तो चुकून आत आलेला धाकटा भाऊ वाटायचा. माझा तर तो पाहताक्षणी लाडका झाला.

दाजींच्या बरोबर मी केस कापायच्या दुकानात गेले (त्यांचे, माझे नव्हे!), तिथेही हाच विषय. न्हाव्याचं म्हणणं, ज्यांनी मागच्या वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला त्यांचा हक्क पहिला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं म्हणणं, हक्क कसला, जो आज चांगला तो पहिला. तिसरा म्हणाला, जुळे एकमेकांना न बघता चेंडू देतात, त्यांची जोडी फोडू नका. मला हसू आलं. आमच्या सातवीच्या मुली आणि हे लोक, तोंडं बदलली तर वाद तोच!

बोलता बोलता गिऱ्हाइकाचा आवाज चढला. त्यानं एका पोराचं नाव घेऊन सांगितलं, की हा कुचकामाचा आहे, याला बाकावरून उठूच देऊ नये. तेव्हा कोपऱ्यात नातवाला घेऊन बसलेल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘तो एकोणीस वर्षांचा आहे. याच गावात राहतो. तुम्ही बोलता ते त्याच्या कानावर जातं.’ दाजींनी मला अर्थ सांगेपर्यंत दुकान गप्प झालं होतं. नुसती कात्री वाजत होती.

संध्याकाळी आजोबा नवं पाकीट घेऊन हजर. आई बाळाला पायावर घेऊन तेल लावत होती. तिनं विचारलं, ‘हे रोज रोज काय भांडतात गं?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘पाचच कशाला? पाळीपाळीनं खेळवायची की सगळी पोरं!’

दाजींनी ते इंग्रजीत सांगितलं. आजोबा गुडघ्यावर थाप मारून हसले. का माहीत आहे? प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्या मनातही नेमकं तेच होतं! ऑगस्टमध्ये बहामा बेटांवरच्या सामन्यांत त्यांनी ते करूनही पाहिलं होतं. दहा जणांच्या दोन तुकड्या केल्या, एक निळी, एक पांढरी. निळी काही मिनिटं खेळली की पाचही जण बाहेर आणि पांढरीचे पाच आत. आता जरा गणित करा. कॉलेजचा सामना चाळीस मिनिटांचा. मैदानात पाच जण. म्हणजे वाटायला मिनिटं किती? ४० × ५ = २००. दहा जणांत वाटली तर प्रत्येकी वीस. आईला हे गणित करावं लागलं नाही. चार पोरांत दोन भाकऱ्या वाटणाऱ्या बाईला ते येतंच.

‘मग वाद मिटला!’ असं मी म्हणाले. आजोबांनी मान हलवली. ‘मिटला कसा? निळी आधी उतरणार. म्हणजे निळी पहिली आणि पांढरी दुसरी. प्रशिक्षक काहीही म्हणोत.’ खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं. तुमच्या वर्गात ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्या सारख्याच आहेत म्हणून गुरुजी कितीही सांगोत, ‘ब’मधल्या मुलाला विचारा.

आजोबा मग जरा वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी १९६६ ची गोष्ट काढली. १९ मार्च १९६६. अंतिम सामना केंटकी आणि टेक्सास वेस्टर्न या कॉलेजांत. केंटकी तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर. प्रशिक्षक अडॉल्फ रप, ज्यांचं नाव आता त्या अरीनाला आहे. केंटकीच्या संघात सगळे गोरे. समोर टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी पहिले पाच उतरवले ते पाचही कृष्णवर्णीय. अंतिम सामन्यात असं कधीच झालं नव्हतं. तो काळ असा, की अमेरिकेच्या दक्षिणेतली कितीतरी कॉलेजं काळ्या मुलांना संघात घेतच नसत, मग ती कितीही चांगली खेळोत. सामना टेक्सास वेस्टर्ननं जिंकला, ७२–६५. केंटकीच्या मुख्य संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला तो १९७०-७१ च्या मोसमात.

‘मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो,’ आजोबा म्हणाले. ‘त्याआधीही आम्ही दर ऑक्टोबरला पाच नावं लिहायचो. त्या यादीत कोण नाही, हे मी कधी बघितलंच नव्हतं.’ त्या दिवशीच्या त्यांच्या पाकिटावरची पाचही नावं काळ्या मुलांची होती. ते पाकीट त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि आईला नमस्कार करून गेले. नमस्कार आईनंच शिकवला होता.

मी आईला घेऊन परत आले. शाळा उघडली. आणि मी काय केलं असेल? फळ्यावर खो-खोच्या नऊ जणींची नावं लिहिली, खाली रेघ मारली, रेघेखाली तीन नावं आणि त्यांच्यापुढे ‘राखीव’. एवढं सगळं बघून-ऐकून आले होते, तरी!

त्या तिघींत सहावीतली एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, ती आता मोठी झाली आहे. उंच, अबोल, पळायला वाऱ्यासारखी. तिसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही. चौथ्या दिवशी तिची आई आली. हातात संघाचा टी-शर्ट, धुऊन नीट घडी घातलेला. म्हणाली, ‘बाई, हा घ्या. पोरी तिला ‘राखीव’ म्हणून हाक मारतात. पाण्यावर गेली तरी, ए राखीव!’

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. अमेरिकेतल्या दोन तुकड्यांची गोष्ट सांगितली, टायलर युलिस सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मी नऊमध्ये का नाही, ते फळ्यावर लिहायच्या आधी मला का नाही सांगितलंत?’

मुलांनो, मी डी. एड. झालेली बाई. मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, ‘तू खो मिळायच्या आधीच उठतेस. दरवेळी फाऊल होतो.’

‘एवढंच?’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली. स्पर्धेत पहिला सामना आम्ही जिंकलो, तेव्हा ती बाहेरच होती. दुसऱ्या सामन्यात एकीचा पाय मुरगळला आणि ती आत गेली. एकदा पुन्हा खोच्या आधी उठलीच! पण नंतर तिनं दोघींना बाद केलं. सामना आम्ही हरलो, दोन गुणांनी. परतताना जीपमध्ये पोरी पुढच्या वर्षीच्या नऊ जणींवरून भांडत होत्या. त्या भांडणात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता.

आणि केंटकीचं काय झालं? १८ नोव्हेंबरला त्यांनी कॅन्सससारख्या नावाजलेल्या संघाला ७२–४० असं धुतलं. डिसेंबरात पॉयथ्रेसचा गुडघा दुखावला, तो मोसमभर बाहेर गेला आणि दोन तुकड्यांचा हिशोब विसकटला. तरी ओळीनं ३८ सामने जिंकले! मग ४ एप्रिल २०१५ ला, अंतिम फेरीच्या एक पायरी अलीकडे, विस्कॉन्सिनकडून ७१–६४ असे हरले. दाजी फोनवर अर्धा मिनिट काही बोललेच नाहीत.

पांढऱ्या तुकडीतला डेव्हिन बुकर त्या मोसमात ३८ सामने खेळला. एकाही सामन्यात तो पहिल्या पाचांत नव्हता. मार्च २०१७ मध्ये, वीस वर्षांचा असताना, त्यानं अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेत एका सामन्यात ७० गुण केले. पुढे ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकंही मिळवली. त्या ७० गुणांची बातमी मी वर्गात वाचून दाखवली. ‘मग तेव्हा त्याला पहिल्या पाचांत का नव्हतं घेतलं?’ मागच्या बाकावरून प्रश्न आला. मी म्हटलं, ‘त्याच्या जागेवर दुसरा एक चांगला मुलगा होता.’ वर्गाला हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

फळ्यावर यादी लिहिणं मी त्या वर्षीच सोडलं. आता आधी बाहेर बसणाऱ्या तिघींना एकेकीला कडुनिंबाखाली बोलावते आणि कारण सांगते. सगळ्यात अवघड काम ते. कधी रडारड होते, कधी माझंच कारण चुकीचं निघतं आणि मला यादी बदलावी लागते. लेक्सिंग्टनचा भाचा आता बास्केटबॉल खेळण्याएवढा झाला आहे, आणि ऑक्टोबर आला की आई फोनवर त्याला अजूनही विचारते, ‘काय रे, पाचच का?’

यंदाची नावं शनिवारी सांगणार आहे. तोवर मला कोणी विचारू नये. विशेषतः सातवीच्या मुलींनी!