पहिली दाढी

गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या सकाळीं आम्हीं तीर्थरूपांचा सेफ्टी रेझर गुपचूप उचलला. १९०४ सालीं किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थास अशाच रेझरचें पेटंट मिळालें. ‘सेफ्टी’ या नांवावर विसंबून आम्हीं कोरड्या गालावर, केसांच्या उलट दिशेनें, जोर देऊन पातें ओढलें! रक्त आलें, कातडी जळजळली. सायंकाळीं रंगमंचावर चेहरा दाखविण्याची लाज वाटली.

तीर्थरूप रागावले नाहींत. जखमा भरल्यावर त्यांनीं आमचे गाल ऊन पाण्यानें भिजविले, ब्रशानें साबणाचा दाट फेंस लाविला आणि नव्या पात्याचा रेझर सुमारें ३० अंशांत धरून केसांच्या दिशेनेंच अलगद फिरविला. भार रेझरचाच पुरे, म्हणाले. शेवटीं थंड पाणी. कोठें ओरखडा नाहीं! रेझर निर्दोष होता. उतावळे आम्हीच होतों.