पांढरीची परिभाषा

गेल्या वैशाखात भालकी तालुक्यातील माझ्या आजोळी जाण्याचा योग आला. निमित्त मात्र आनंदाचे नव्हते. मामांचा जुना वाडा उतरवावयाचा होता. तीस वर्षे मराठी शिकवूनही त्या वाड्यापुढे उभा राहिलो, तेव्हा भिंत आणि छप्पर या दोन शब्दांपलीकडे माझ्यापाशी काही नव्हते. मनस्वी संकोच वाटला.

कामावर एक वृद्ध गवंडी होते. "आबा, ही भिंत कशी बांधली असेल?" असे मी विचारताच ते हसले. "गुर्जी, मातीची भिंत बांधत नसतेत, घालतेत!" हा माझा पहिला धडा.

गावठाणाची जमीन ती पांढरी, शेताची ती काळी. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिने पीक द्यावे. घर पांढरीचे. ती माती भुसकट घालून भिजवावी, मुरू द्यावी, पायांनी तुडवावी आणि तिचे भेंडे थरावर थर रचावे. एक थर वाळल्यावाचून दुसरा चढवू नये. भिंतीतच देवळी ठेवावी.

वर माळवद. तुळईवर कड्या, कड्यांवर किलच, त्यावर पाला आणि शेवटी माती. उजेडासाठी सवणे, पाण्यासाठी पन्हळ. घराचे माप फुटांत नव्हे, खणांत.

"मग एवढे चांगले घर उतरवायचे कशाला?" मी मामांना विचारले. त्यांनी वर बोट दाखविले. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्यापूर्वी नवी माती चढत गेली आणि थर दीड हात झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात अशाच जड माळवदांखाली व मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. "त्या दिवसापासून तुझ्या मामीला इथे नीट झोप नाही रे," मामा म्हणाले. मी निरुत्तर झालो.

माळवद उतरले. ओसरीची भिंत मात्र मामांनी राखली. तिच्यावर आता हलके पत्रे आहेत. उरलेली पांढरी माती आबांनी एका कोपऱ्यात रचून ठेवविली. भिजवली की ती पुन्हा कामास येते.

शाळेत परतल्यावर मी फळ्यावर 'सवणे' हा शब्द लिहिला. वर्गातील एकच मुलगी उठली. तिला तो आजीकडून ठाऊक होता. वाचकहो, जड माळवदे जावीत हे योग्यच. पण आपल्या घरच्या आजीला हे शब्द एकदा विचारून घ्यावेत.