एका गुहेतले दोन उजेड

उर्सुला के. ल ग्विन यांची ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ पुन्हा वाचून झाली. १९७१ची कादंबरी, अर्थसी मालिकेतली दुसरी. देवाची सेवा करणारे आणि मंत्रविद्या शिकलेले यांच्या वैरावर नंतर पुष्कळांनी लिहिलं, पण मला अजून हिच्याइतकं खरं काही सापडलेलं नाही.

*

वाळवंटातलं देवस्थान. नऊ काळ्या शिळा, पडायला आलेलं सभागृह, रिकामं सिंहासन. आधीची मुख्य पुजारीण गेली त्या रात्री जन्मलेली मुलगी शोधून आणतात आणि सहाव्या वर्षी तिचं नावच काढून घेतात. तेनार होती, ती ‘अर्हा’ होते, म्हणजे गिळलेली. शिळांखालच्या गुहेत उजेड नेणं महापाप. त्यामुळे ती गुहा हातांनी शिकते. भिंतीवर बोटं ठेवून, वळणं मोजत.

मग एका रात्री तिला तिथे उजेड दिसतो. परक्या बेटांवरचा एक मांत्रिक काठीच्या टोकावर प्रकाश धरून उभा आहे. आणि जी जागा आपल्याला पाठ आहे असं तिला वाटत होतं, तिचं छत स्फटिकांनी मढलेलं निघतं. विटाळाचा संताप आणि डोळ्यांचं पारणं फिटणं, दोन्ही त्याच क्षणी होतं. इतकी वर्षं सेवा केली त्या जागेचं रूप तिला शत्रूने दाखवलं.

*

त्याच गुहेत पुढे दुसरा उजेड येतो, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. या वेळी कंदील घेऊन आलेली आहे कोसिल, तिथलीच पुजारीण. गेडला, म्हणजे चोरी करायला शिरलेल्या त्या मांत्रिकाला, अर्हाने कैद केल्यावर खरंच पुरलं की कुठे लपवलं हे पाहायला ती थडगं उकरते आहे. वर्षानुवर्षं जिथे ठिणगीसुद्धा पडू दिली नाही तिथे कंदील ठेवून ती माती उपसते आणि काहीही होत नाही. ना वीज कोसळते, ना जमीन दुभंगते. कोसिल देवराजाची पुजारीण. सत्ता कुठे आहे हे तिला नेमकं कळतं. इथे कोणी राहतं यावर मात्र तिचा काडीइतका विश्वास नाही.

आणि गेड? तो अर्हाला सांगतो की तुझ्या देवता खऱ्या आहेत, जुन्या आहेत, फार बलवान आहेत, फक्त पूजा करण्याजोग्या नाहीत. त्यांना थोपवून धरण्यात त्याचं सगळं बळ खर्ची पडतं आहे. म्हणजे त्या देवस्थानात अर्हाच्या देवांना मानणारा दुसरा माणूस कोण, तर हा चोर. सोबतीच्या पुजारणीने तिला इतका मान कधी दिला नव्हता.

*

मराठीत या मंडळींना काय म्हणायचं हा प्रश्न दरवेळी येतो. ‘जादूगार’ म्हटलं की टोपीतून कबुतर काढणारा दिसतो. ‘मांत्रिक’ला लिंबू-मिरचीचा वास येतो. ‘भगत’, ‘देवऋषी’ हे तर दोन्हीकडचे. ‘देवऋषी’ या शब्दात आधी देव आहे, आणि माणसं जातात मात्र भूतबाधा काढायला. आपल्या खेड्यात गुरव आणि भगत यांचे ताबे इंग्रजी कादंबरीतल्यासारखे कुंपण घालून वेगळे केलेले नसतात. एकच घर सकाळी देवळात आणि संध्याकाळी भगताकडे जातं. भाषांतर करणाऱ्याला हे कुंपण मराठीत मुद्दाम बांधावं लागतं. मी ‘मांत्रिक’वरच थांबते, वासासकट.

*

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ, १९७४. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. पहिल्याच पुस्तिकांत तीन वर्ग: लढवय्या, मांत्रिक, धर्मोपदेशक. धर्मोपदेशक आला त्यामागे कुठलंही धर्मचिंतन नाही. अर्नेसनच्या खेळात एका खेळाडूचा व्हॅम्पायर कुणाला आवरेना, त्याला उतारा म्हणून हा वर्ग निघाला. मांत्रिक पोथीतून मंत्र पाठ करतो, धर्मोपदेशक प्रार्थनेने मिळवतो. कमावलेली शक्ती आणि पदरात पडलेली शक्ती ही विभागणी पुढे शेकडो कल्पित जगांनी तशीच उचलली. मला त्यातला एक नियम आवडतो. मूळ नियमांत पहिल्या पायरीवरच्या धर्मोपदेशकाला एकही मंत्र मिळत नाही. देवाने काही देण्याआधी काही काळ रिकाम्या हाताने चालायचं.

*

‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेममालेतली चँट्री ही धर्मसंस्था मांत्रिकांना मनोऱ्यांत कोंडते आणि पहाऱ्याला टेम्प्लर ठेवते. टेम्प्लरांना बळ यावं म्हणून संस्था त्यांना लिरियम देते. मांत्रिकांची शक्ती वाढवणारं खनिज तेच. टेम्प्लरांना त्याचं व्यसन लागतं, आणि पुरवठा संस्थेच्या हातात.

*

मेस्टर क्रेसन. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ क्लॅश ऑफ किंग्ज’चं (१९९८) पहिलंच प्रकरण. इथे बाजू उलट्या आहेत. चमत्कार करणारी आहे ती लाल देवाची पुजारीण मेलिसांद्रे, आणि विद्येच्या बाजूचा म्हातारा जादू मानत नाही. त्याने आपल्या धन्याला, स्टॅनिसला, लहानपणापासून वाढवलं आहे. आता तो मेलिसांद्रेच्या नादाने हातचा जातो आहे हे बघून क्रेसन दारूत विष कालवतो आणि एकाच पेल्यातून दोघांनी प्यावं असं तिला म्हणतो. तो पेला सांडून टाकायची संधी ती त्याला देते. मग पिते, त्याच्यासाठी अर्धा घोट ठेवते. तिच्या गळ्यातलं माणिक लाल चमकतं. क्रेसन मरतो. बहुतेकजण हा श्रद्धेचा विजय म्हणून वाचतात. मला तिथे एका वडीलमाणसाची हार दिसते, ज्याच्या पोराने त्याचं ऐकणं सोडलं आहे.

*

टेरी प्रॅचेट, ‘कार्पे जुगुलम’, तेही १९९८चंच. ओट्स हा ओम देवाचा तरुण धर्मोपदेशक. त्याच्या धर्माने पूर्वी चेटकिणी जाळल्या. आता चिखलातून, पावसातून तो ग्रॅनी वेदरवॅक्स या चेटकिणीला घेऊन निघाला आहे. वाटेत तीच त्याला धारेवर धरते: मला जर खरंच असा देव भेटला असता, तर मी त्याच्यासाठी काय काय केलं असतं, आणि तू काय करतो आहेस? ज्या धर्मपीठावरून तिच्यासारख्यांना जाळायचे हुकूम निघाले, त्या पीठाच्या माणसाकडून ती जास्त श्रद्धा मागते आहे. आणि ओलं जंगल, विझत चाललेली म्हातारी, जाळायला काही नाही, अशा वेळी तो आपला धर्मग्रंथ पेटवतो. ते वाचताना मला धर्माचा अपमान झाला असं एकदाही वाटलं नाही.

*

पुन्हा अटुआन. लहानपणी अर्हाला शिकवलेलं असतं की मांत्रिकांना देव नाहीत, म्हणून त्यांना पुनर्जन्मही नाही. मेल्यावर त्यांची नुसती धूळ होते. वाचताना आपण हे पुजाऱ्यांचं अज्ञान म्हणून सोडून देतो, कारण आपण गेडच्या बाजूचे असतो. मग ३० वर्षांनी, २००१ मध्ये, ‘द अदर विंड’ येतं आणि कळतं की ते बरंचसं खरं होतं. पुरातन काळी मांत्रिकांनी मरण टाळण्याच्या हव्यासापायी ड्रॅगनांच्या वाट्याची भूमी मंत्रांनी वेढून घेतली. तिचा झाला कोरडा, पाणी नसलेला मृतांचा देश. त्यांच्या लोकांचे मेलेले तिथे अडकून पडतात. ज्यांना अडाणी म्हटलं ते अर्हाचे कार्गी लोक मरून पुन्हा जन्माला येतात. आपल्याच नायकांच्या विद्येवर असा आरोप स्वतः ठेवायचा आणि तोही इतक्या वर्षांनी, याला मोठं मन लागतं.

*

भाषांतरात कोणी कोणाला काय म्हणायचं हे ठरवताना चांगदेवांची गोष्ट आठवते. ती कल्पित साहित्यात मोजायची नाही, ती आपल्या भक्तीतली आहे. पण संबोधनाचा पेच तिच्याइतका कुठे नाही. चौदाशे वर्षांचे योगी, ज्ञानेश्वर वयाने पोर आणि अधिकाराने थोर. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? काहीच सुचेना म्हणून कोरा कागद पाठवला. उत्तरात पासष्ट ओव्या आल्या.

*

हाच पेच गेड आणि अर्हाचा. इंग्रजीत एका ‘यू’वर भागतं. मराठीत ती त्याला पहिल्यापासून ‘तू’ म्हणणार, कारण तो कैदी आणि चोर. तो तिला ‘तुम्ही’ म्हणणार, निदान सुरुवातीला. मुख्य पुजारीण आहे, शिवाय पाणी तिच्याच हातात आहे. पण मग तो तिला तेनार अशी हाक मारतो, काढून घेतलेल्या नावाने. त्या हाकेनंतर ‘तुम्ही’ टिकत नाही. पुस्तकाच्या त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने ‘तू’ लिहून ठेवलं आहे.