आपाचा कॉम्प्युटर, दोन लिप्या आणि नवं लिनक्स

लिनक्सची नवी आवृत्ती चढवली की दुसऱ्या दिवशी जो फोन येतो, त्यात बहुतेक एकच वाक्य असतं : "काहीच चालत नाहीये." पेण आणि रोह्यात माझ्या सांगण्यावरून लिनक्स घेतलेली पाच-सहा घरं आहेत, त्यामुळे हे वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. ते खरं कधीच नसतं. चालत नसतात त्या तीन-चार गोष्टी. त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो, पण त्या एकाच सकाळी समोर येतात म्हणून सगळं कोसळल्यासारखं वाटतं. आज लिहितोय ते रोह्याच्या माझ्या आपाच्या कॉम्प्युटरबद्दल, कारण तिच्याकडे या चारही गोष्टी एकदम आल्या आणि तिचं काम थांबून चालणार नव्हतं.

आधी ते काम सांगतो. आपा उर्दू शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिनं आमच्या कोकणी मुसलमान बायकांची लग्नातली गाणी जमवायला घेतली. हळदीची, मेंदीची, नवरी निघतानाची. रोहा, मुरूड, म्हसळा, जिथं नातं तिथं ती मोबाइल घेऊन बसली आणि रेकॉर्ड करत गेली. गाण्यांची बोली आपली कोकणी, म्हणून ती देवनागरीत उतरवते. खाली टिपा मात्र उर्दूत, कारण अर्थाचे बारकावे तिला उर्दूत सुचतात. ज्या खालांनी आणि नानींनी ही गाणी म्हटली, त्यातल्या दोघी आज हयात नाहीत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. त्यांच्या आवाजातली बरीच गाणी अजून कागदावर यायची आहेत. कोणता शब्द नीट ऐकू आला नाही तर विचारायला आता कुणी नाही, पुन्हा पुन्हा ऐकणं एवढाच उपाय.

कॉम्प्युटर २०१४ सालचा. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ साठी जी सुरक्षा-चिप आणि जो प्रोसेसर लागतो, तो या यंत्रात नाही. यंत्र ठणठणीत, पण कागदोपत्री म्हातारं. अशा यंत्रांना लिनक्स हा सरळ मार्ग आहे आणि आपाकडे ते आधीपासून होतंच. फक्त त्याची आवृत्ती जुनी झाली होती.

आवृत्ती बदलणं म्हणजे काय, ते आपाला मी रोहा स्टेशनवरून समजावलं. मुंबईकडून येणारी गाडी रोह्यापर्यंत मध्य रेल्वेच्या हद्दीत असते आणि रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रूळ तेच, डबे तेच, खिडकीतली कुंडलिकाही तीच. पण व्यवस्था बदलते. झोपलेल्या प्रवाशाला कळतही नाही. पण ज्यानं जुन्या व्यवस्थेतल्या कुणाशी खास ठरवून ठेवलेलं असतं, त्याची मात्र पंचाईत होते. अपग्रेडचंही तसंच. तुमच्या फायली जागच्या जागी असतात. बिघडतं ते, जे आपण मूळ व्यवस्थेच्या बाहेर जाऊन जोडलेलं असतं.

पहिली तक्रार आवाजाची. गाणी वाजत होती, पट्टी पुढे सरकत होती, स्पीकर मात्र गप्प. लिनक्सच्या बहुतेक नव्या आवृत्त्यांत आवाजाचं काम पल्स-ऑडिओकडून पाइप-वायरकडे गेलं आहे. नवा कारभारी आला की तो जोडलेली सगळी साधनं नव्यानं मोजतो. आपाचा मॉनिटर एचडीएमआय केबलनं जोडलेला आहे आणि एचडीएमआयमधून आवाजही जातो. म्हणून यंत्रानं ठरवलं की आवाज मॉनिटरला द्यायचा. त्या मॉनिटरला स्पीकरच नाही! सेटिंग्जमध्ये साउंड, त्यात आउटपुट, आणि यादीतून एचडीएमआयऐवजी अॅनालॉग निवडलं. नानीचा आवाज खोलीत आला तेव्हा आपा क्षणभर काही बोलली नाही. यात बिघाड काहीच नव्हता, आवाज चुकीच्या दारात उभा होता. म्हणून आवाज गेला तर ड्रायव्हर शोधत बसू नका, आधी आउटपुटची यादी उघडा.

दुसरी तक्रार कीबोर्डची. आपा मराठी इन्स्क्रिप्टवर लिहिते, उर्दू उच्चाराबरहुकूम चालणाऱ्या मांडणीवर. एकीतून दुसरीत जाण्यासाठी ऑल्ट आणि शिफ्ट दाबायची सवय. ही सोय पूर्वी कुणीतरी तिला एक छोटी आज्ञा लिहून करून दिली होती, यंत्र सुरू होताना ती आपोआप चालायची. आता ती चालत होती, पण परिणाम शून्य. कारण पडद्यामागची यंत्रणा बदलली होती. लिनक्सचा पडदा कितीतरी वर्षं एक्स-११ नावाच्या व्यवस्थेवर उभा होता, ती १९८७ सालची. तिच्यात कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमच्या कळा चोरून ऐकू शकतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्ये हे दार बंद केलं आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं चांगलंच, पण त्यासोबत बाहेरून कीबोर्ड बदलणाऱ्या जुन्या आज्ञाही निकामी होतात.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाकाचं चिन्ह असतं. तिथं एक्स-ऑर्ग निवडून आत गेलं आणि सगळं पूर्ववत चाललं, तर कारण वेलँड आहे हे नक्की. मात्र कायमचा मुक्काम तिथं करू नये, कारण तो पर्याय एकेका डेस्कटॉपमधून काढला जातो आहे. आपाच्या यंत्रात मी सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या यादीत इंग्रजी, मराठी आणि उर्दू अशा तीन मांडण्या रीतसर जोडल्या. आता विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. "बोटांना नवीन शिकवावं लागेल," ती म्हणाली. आठवड्याभरात बोटं शिकली.

तिसरी तक्रार तिनं नीट मांडलीही नाही, नुसतं म्हणाली, "अरे, हे माझं अक्षर वाटत नाही." पाहिलं तर मजकूर सगळा शाबूत होता. पण ल आणि श हिंदी वळणाचे झाले होते, आणि खालची उर्दू नस्तालीक सोडून नस्ख वळणात सरळ रेषेत उभी होती, अरबी किताबासारखी.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. युनिकोड अक्षराला क्रमांक देतं, वळण देत नाही. मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच. तसंच उर्दू आणि अरबीच्या सामायिक अक्षरांचं. वळण फॉन्ट ठरवतो. आपाच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी वळणच होतं. अपग्रेडनंतर त्याच्या जागी जो फॉन्ट आला त्यात दोन्ही वळणं आहेत, आणि कोणतं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवर ठरतं. तिच्या फाइलवर भाषेचा शिक्का होता 'हिंदी'. उर्दूसाठी नस्तालीक फॉन्टच उरला नव्हता, म्हणून यंत्रानं हाताशी होता तो नस्ख वापरला.

त्यात लिबर-ऑफिसची एक खास गंमत आहे. त्याच्या लेखी लिप्यांचे तीनच गट : पाश्चात्त्य, आशियाई म्हणजे चिनी-जपानी-कोरियन, आणि गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्या. या तिसऱ्या गटात देवनागरीही येते आणि अरबी लिपीही. म्हणजे मराठी आणि उर्दू एकाच टोपलीत, आणि एका स्टाइलमध्ये त्या टोपलीला फॉन्ट एकच आणि भाषाही एकच. आपा हसली. म्हणाली, "बाहेर लोक म्हणतात या दोन भाषांचं जमत नाही, आणि हा म्हणतो दोघी एकच."

उपाय असा केला. गाण्यांसाठी एक स्टाइल : भाषा मराठी, फॉन्ट मुक्त. मुंबईच्या एक टाइपचा हा फॉन्ट विनामूल्य आहे. टिपांसाठी दुसरी स्टाइल : भाषा उर्दू, दिशा उजवीकडून डावीकडे, फॉन्ट नोटो नस्तालीक उर्दू, तोही विनामूल्य. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ल आणि श यांची मराठी वळणंच धरलेली आहेत, तेव्हा हा काही आपाचा हट्ट नव्हे. आणि ज्या बाईनं आयुष्यभर पाटीवर मुलांकडून नस्तालीक गिरवून घेतलं, तिला उर्दू सरळ रेषेत कशी चालेल?

चौथी तक्रार प्रिंटरची, आणि ती सगळ्यांत चिवट. प्रिंटर जुना. त्याच्या कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण ३२ बिटचा. कामाची यादी 'फिल्टर फेल्ड' म्हणून थांबत होती. नोंदी उघडल्या तर तिथं लिहिलेलं : अशी फाइल नाही. फोल्डरमध्ये पाहावं तर फाइल समोर बसलेली! हा संदेश भल्याभल्यांना चकवतो. नसते ती फाइल नव्हे, तिला चालवणारा ३२ बिटचा लोडर नसतो, तो अपग्रेडच्या साफसफाईत निघून गेलेला असतो. ६४ बिटच्या यंत्रात ३२ बिटच्या मदतनीस फायली वेगळ्यानं बसवता येतात. त्या बसवल्या, प्रिंटर यादीतून काढून पुन्हा जोडला, आणि पहिलं पान बाहेर आलं. अर्थात ही मुदतवाढ आहे. पुढचा प्रिंटर घेताना ड्रायव्हर न लागणारा घ्यायचा, हे आपाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

मधल्या एका संध्याकाळी, प्रिंटर अडला होता तेव्हा, ती वैतागून म्हणाली होती, "तुझ्या लिनक्सचं एवढं कौतुक, पण तू पेणला गेलास की मी कुणाला विचारू?" हा प्रश्न रास्त होता आणि त्याला "मी आहे ना" हे उत्तर पुरेसं नव्हतं. दर वेळी मी गाडी पकडून यायचं, तर यंत्र तिचं कसलं, ते माझंच झालं. म्हणून त्यानंतर माउस मी हातात घेतला नाही. मी बोलायचं, तिनं करायचं आणि वहीत उतरवायचं. वही मराठीत, मध्ये मध्ये उर्दू.

त्या वहीतली पानं तुमच्याही उपयोगाची आहेत. अपग्रेडच्या आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि त्यातली एखादी उघडून पाहा. प्रकाशनासोबत येणारी टिपणं वाचा, काय बदललं ते तिथं लिहिलेलं असतं. बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे स्रोत तात्पुरते बंद करा. डेबियनसारख्या व्यवस्थेत एक आवृत्ती गाळून पुढच्या आवृत्तीवर उडी मारू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा इन्व्हर्टर नसेल तर अपग्रेड कोरड्या दिवसांसाठी ठेवा. मध्येच वीज गेलीच तर घाबरू नका, डेबियन आणि उबुंटूमध्ये अर्धवट राहिलेली पॅकेजं पुन्हा मांडायला सांगणारी आज्ञा असते.

अपग्रेडनंतर तक्रारी सुट्या करून लिहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. एक नवीन वापरकर्ता तयार करून त्यात शिरून पाहा : अडचण तिथं नसेल, तर दोष तुमच्या जुन्या सेटिंग्जमध्ये आहे, व्यवस्थेत नाही. यंत्र सुरूच होत नसेल तर सुरुवातीच्या यादीत जुना कर्नल बहुधा शिल्लक असतो, त्यातून आत जाता येतं. आणि चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या. "काहीच चालत नाही" यावर कुणी मदत करू शकत नाही, "फिल्टर फेल्ड" यावर करू शकतं.

माझ्या मराठी मुसलमान वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. आपल्यातले कितीतरी जण दोन लिप्यांत लिहितात, आणि यंत्राला आपण काय लिहितोय ते सांगत नाहीत. मग ते अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजात आपली मराठी हिंदी होते, आपली उर्दू अरबी होते. माणसंही असे अंदाज बांधतात, त्यांना समजावायला वेळ लागतो. यंत्राला मात्र एकदा सांगितलं की पुरतं. मजकूर निवडा आणि त्याची भाषा मराठी लिहा, टिपांची उर्दू लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

आपा सध्या नवरी निघतानाच्या गाण्यांवर आहे. एका ओळीतला एक शब्द तिला अजून लागत नाही. स्पीकर चालू आहे, ती असरनंतर रोज ऐकते.